मालकाकडे पाहणारे क्रियापद
इंग्रजीतील ‘हॅव’, त्याची सर्वनामे आणि त्याची नामे : प्रस्तावना

इंग्रजी बोलण्यात आणि लिहिण्यात पावलोपावली भेटणाऱ्या क्रियापदांमध्ये ‘हॅव’ या क्रियापदाचे स्थान फार वरचे आहे. त्याची ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ आणि ‘हॅविंग’ ही चारच रूपे शाळेच्या पहिल्या काही वर्षांत पाठ होऊन जातात, आणि त्यामुळे या क्रियापदात शिकण्यासारखे आणखी काही उरले आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. तरीही मराठीभाषकांच्या इंग्रजीत वर्षानुवर्षे टिकून राहणाऱ्या चुका तपासल्या, तर त्यांतील पुष्कळ चुका याच चार रूपांभोवती घोटाळताना दिसतात, आणि त्यांचे कारण शिकणाऱ्याच्या आळसात किंवा विसराळूपणात शोधणे अन्यायाचे ठरते. खरे कारण असे की ‘हॅव’ हे क्रियापद ज्या अर्थासाठी इंग्रजीने घडवले, त्या अर्थासाठी मराठीने स्वतंत्र क्रियापद घडवलेलेच नाही. मराठीने त्या जागी ‘असणे’ हे क्रियापद आणि निरनिराळे प्रत्यय यांची एक वेगळी आणि स्वतःपुरती पूर्ण व्यवस्था उभी केली आहे. या दोन व्यवस्था शेजारी शेजारी ठेवून पाहणे आणि ‘हॅव’ हे क्रियापद कोणत्या सर्वनामाबरोबर, कोणत्या नामाबरोबर आणि का कसे वागते हे मराठीच्या बाजूने समजावून घेणे, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन संज्ञा आरंभीच ठरवून घेणे इष्ट आहे. संस्कृत व्याकरणपरंपरेत मालक आणि त्याची वस्तू यांच्यातील नात्याला स्वस्वामिभाव म्हणतात. त्यात ‘स्व’ म्हणजे जे आपले आहे ते, आणि ‘स्वामी’ म्हणजे ते ज्याचे आहे तो. पुढील विवेचनात स्वामीला ‘मालक’ आणि स्वला ‘वस्तू’ असे सोपे शब्द वापरले असले, तरी त्यांचा अर्थ व्यापक समजायचा आहे. गायीला शिंगे असतात तेव्हा गाय ही मालक आणि शिंगे ही वस्तू, मुलाला ताप असतो तेव्हा मूल हे मालक आणि ताप ही वस्तू, आणि बहिणीला भाऊ असतो तेव्हा बहीण ही मालक आणि भाऊ ही वस्तू. येथे व्यवहारातील मालकीहक्काचा विचार नसून वाक्यातील दोन जागांचा विचार आहे.

‘हॅव’ हा शब्द इंग्रजीत बाहेरून आलेला नसून जुन्या इंग्रजीतील ‘हब्बन’ या क्रियापदापासून उतरलेला आहे, आणि जर्मन भाषेतील ‘हाबेन’ हे त्याचे सख्खे भावंड आहे. लॅटिनमध्ये याच अर्थाचे ‘हाबेओ’ हे रूप आढळते आणि ते दिसायला इतके जवळचे आहे की दोघांचे मूळ एकच असावे असे कोणालाही वाटेल; परंतु याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमानुसार मूळ इंडो-युरोपीय भाषेतील ‘क’ हा ध्वनी जर्मानिक शाखेत ‘ह’ होतो, आणि त्या हिशेबाने ‘हॅव’चा लॅटिनमधील खरा नातलग ‘हाबेओ’ नसून ‘कापेरे’, म्हणजे पकडणे किंवा हस्तगत करणे, हा शब्द ठरतो. मालकीची कल्पना मुठीत धरण्याच्या क्रियेतून निघाली, हे या व्युत्पत्तीवरून ध्यानात येते. पोर्तुगीजमधील ‘तेर’ हे क्रियापदही धरून ठेवणे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासूनच आले असून, मराठीतील ‘हाती असणे’ किंवा ‘ताब्यात असणे’ हे प्रयोगही त्याच अनुभवाची साक्ष देतात.

काळाच्या ओघात या शब्दाची रूपे झिजत गेली. जुन्या इंग्रजीत एकवचनात प्रत्येक पुरुषासाठी वेगवेगळे प्रत्यय होते, त्यांतील द्वितीयपुरुषी एकवचनाचे ‘हॅस्ट’ आणि तृतीयपुरुषी एकवचनाचे ‘हॅथ’ ही रूपे पुढे कित्येक शतके टिकली, आणि १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राजा जेम्सच्या बायबलात ‘हॅज’ ऐवजी ‘हॅथ’ हेच रूप भेटते. उत्तर इंग्लंडच्या बोलीतील ‘स’कारान्त प्रत्यय दक्षिणेकडे पसरत गेला तेव्हा ‘हॅथ’च्या जागी ‘हॅज’ स्थिरावले, आणि ‘तू’ या अर्थाचे ‘दाउ’ हे सर्वनाम प्रमाण इंग्रजीतून मागे पडल्यावर त्याच्याबरोबर ‘हॅस्ट’ही गेले. आज वर्तमानकाळात जी दोनच रूपे उरली आहेत ती अशा झिजेतून उरलेली आहेत. त्यामुळे ‘हॅज’ हे रूप एका मोठ्या जुन्या वाड्याच्या शिल्लक राहिलेल्या एकाच भिंतीसारखे एकटे उभे दिसते, आणि त्याच्यामागचा आराखडा ठाऊक नसला की ते विनाकारण मध्ये आलेले वाटते.

मालकी सांगण्यासाठी स्वतंत्र क्रियापद असणे हा जगातील भाषांचा सर्वसाधारण नियम आहे असे समजण्याचे कारण नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९६० मध्ये ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ या दोन अर्थांच्या क्रियापदांवर लिहिलेल्या निबंधात असे दाखवून दिले की पुष्कळ भाषा ‘अमुक वस्तू अमक्याला आहे’ अशाच रचनेने मालकी सांगतात, आणि ‘हॅव’सारखे क्रियापद म्हणजे त्याच रचनेची उलटवलेली बाजू होय. लिओन स्टासेन यांनी २४० भाषांची या दृष्टीने तुलना केली, तेव्हा ‘हॅव’सारखे क्रियापद वापरणाऱ्या भाषा सुमारे एक चतुर्थांशच भरल्या. रशियन भाषा ‘माझ्यापाशी आहे’ असे म्हणते, लॅटिनमध्येही ‘हाबेओ’बरोबरच ‘मला आहे’ या घडणीचा प्रयोग नांदत होता, आणि भारतातील बहुतेक भाषा मराठीसारख्याच ‘असणे’ या क्रियापदावर भिस्त ठेवतात. त्यातही शेजारधर्म दिसतो. हिंदीत ‘मेरे दो भाई हैं’ असे षष्ठीच्या रूपाने सांगितले जाते, तर मराठी ‘मला दोन भाऊ आहेत’ असा चतुर्थीचा आश्रय घेते आणि या बाबतीत ‘ननगे’ म्हणजे ‘मला’ म्हणणाऱ्या कन्नडच्या अधिक जवळ जाते. म्हणून मराठीत ‘हॅव’ नाही ही उणीव आहे, ही समजूत प्रथम बाजूला ठेवावी लागते.

मराठीची ही व्यवस्था किती सूक्ष्म आहे, ते काही साध्या वाक्यांवरून दिसून येते. आप्तसंबंध, शरीराचे अवयव, आजार आणि वस्तूचे अंगभूत भाग यांच्यासाठी मराठी ‘ला’ हा प्रत्यय वापरते : ‘तिला दोन मुले आहेत’, ‘गायीला शिंगे असतात’, ‘त्याला ताप आहे’, ‘या घराला तीन दारे आहेत’. जी वस्तू मालकापासून वेगळी होऊ शकते, दिली-घेतली जाऊ शकते, तिच्यासाठी ‘कडे’ आणि ‘जवळ’ येतात, आणि त्या दोहोंतही फरक आहे. ‘त्यांच्याकडे दोन ट्रॅक्टर आहेत’ या वाक्यात मालकी आहे, तर ‘माझ्याजवळ दहा रुपये आहेत’ या वाक्यात बोलण्याच्या क्षणी खिशात काय आहे ते आहे. किराणा दुकानात ‘तुमच्याकडे साबुदाणा आहे का?’ असेच विचारले जाते, ‘तुम्हाला साबुदाणा आहे का?’ असे विचारल्यास दुकानदार बुचकळ्यात पडेल. स्थावर मालमत्तेसाठी ‘त्यांचे साताऱ्यात घर आहे’ अशी षष्ठी येते, आणि कायदेशीर हक्क सांगायचा असेल तर सातबाऱ्याच्या उताऱ्याची भाषा पुढे येऊन ‘जमीन त्याच्या नावावर आहे’ असे म्हटले जाते. गुणांसाठी ‘अंगी’ आहे, कौशल्यासाठी ‘हातात’ आहे, पोसण्याची जबाबदारी असलेल्या मुलाबाळांसाठी ‘पदरी’ आहे, आणि सवयीने किंवा परंपरेने घडणाऱ्या गोष्टीसाठी ‘आमच्याकडे गौरी असतात’ असा प्रयोग आहे. शिवाय ‘आहे’ आणि ‘असते’ यांतील भेदही राखला जातो. ‘या गायीला शिंगे आहेत’ हे समोरच्या एका गायीचे वर्णन असून ‘गायीला शिंगे असतात’ हे गोजातीविषयीचे विधान आहे.

या सर्व वाक्यांचे इंग्रजी रूपांतर करताना एकटे ‘हॅव’ पुढे येते. मुले, शिंगे, ताप, दारे, ट्रॅक्टर, दहा रुपये, साबुदाणा, घर, जमीन आणि धाडस हे सगळे एकाच क्रियापदाच्या स्वाधीन होतात, आणि मराठीने प्रत्ययांतून सांगितलेला भेद इंग्रजीत बहुधा नामाच्या अर्थावर आणि संदर्भावर सोपवला जातो. मराठीभाषकाला येथवरची वाट सोपी जाते, कारण अनेक वाटा एका रस्त्याला मिळताना चुकण्याची भीती कमी असते. उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजीतून मराठीत येण्याचा, प्रवास अधिक सावधपणाने करावा लागतो. भाषांतर करणाऱ्याने ‘हॅव’ दिसताच ‘जवळ असणे’ असा एकच पर्याय योजला, तर ‘तिच्याजवळ दोन भाऊ आहेत’ यासारखी व्याकरणाने चालणारी, परंतु अर्थाने भलतीच झालेली वाक्ये जन्माला येतात.

खरी अडचण सुरू होते ती क्रियापदाचे रूप ठरवताना. ‘मला एक भाऊ आहे’ आणि ‘मला दोन भाऊ आहेत’ या दोन वाक्यांत मालक बदललेला नाही, तरी क्रियापद बदलले आहे, कारण मराठीचे क्रियापद येथे वस्तूशी, म्हणजे भावाशी किंवा भावांशी, जुळते. याउलट ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘तिला दोन भाऊ आहेत’ आणि ‘त्यांना दोन भाऊ आहेत’ या तीन वाक्यांत मालक बदलत गेला तरी ‘आहेत’ तसेच राहिले आहे. इंग्रजीत नेमके उलटे घडते. ‘आय हॅव वन ब्रदर’ आणि ‘आय हॅव टू ब्रदर्स’ यांत भावांची संख्या वाढली तरी क्रियापद जागचे हलत नाही, आणि ‘आय’च्या जागी ‘शी’ येताच मात्र ‘हॅव’चे ‘हॅज’ होते. मराठीचे क्रियापद वस्तूकडे पाहते, इंग्रजीचे क्रियापद मालकाकडे पाहते. या पुस्तकात पुढे जे काही सांगितले आहे ते बहुतांशी या एका वाक्याचा विस्तार आहे.

येथे एक व्याकरणविषयक खुलासा आवश्यक आहे. पारंपरिक मराठी व्याकरणानुसार ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्याचा कर्ता ‘भाऊ’ हा आहे आणि ‘मला’ हे चतुर्थीचे रूप आहे. आधुनिक भाषाशास्त्र अशा ‘मला’कडे चतुर्थ्यन्त कर्ता म्हणून पाहते, कारण कर्त्याचे काही अधिकार त्याच्याकडे असतात. ‘तिला आपल्या आईची काळजी आहे’ या वाक्यात ‘आपल्या’ हा शब्द ‘तिला’कडे वळतो, आणि असा ओढा कर्त्याच्याच ठिकाणी अपेक्षित असतो. म्हणजे मराठी वाक्यात मालकाला मान आहे, परंतु क्रियापदावर सत्ता नाही. इंग्रजीत मालक प्रथमेत, म्हणजे ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘वी’, ‘दे’ या रूपांत येतो आणि मानाबरोबर सत्ताही मिळवतो. ‘मला’, ‘माझ्याकडे’, ‘माझ्याजवळ’ आणि ‘माझे’ या चारही रूपांना इंग्रजीत ‘आय’ हे एकच उत्तर का येते, याचा उलगडा येथे होतो.

सर्वनामांच्या बाबतीत नियम थोडक्यात सांगता येतो. ‘आय’, ‘यू’, ‘वी’ आणि ‘दे’ यांच्याबरोबर ‘हॅव’ येते, तर ‘ही’, ‘शी’ आणि ‘इट’ यांच्याबरोबर ‘हॅज’ येते. ‘यू’ हे एका व्यक्तीला उद्देशून असले तरी ‘हॅव’च घेते, कारण ते मुळात अनेकवचनी सर्वनाम असून आदराने एकट्यासाठीही वापरले जाऊ लागले, मराठीत ‘तुम्ही’ हे सर्वनाम एका वडीलधाऱ्या व्यक्तीसाठी वापरतानाही ‘तुम्ही आहात’ असे अनेकवचनी रूप येते, तसाच हा प्रकार आहे. मराठीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा भेद इंग्रजीत ‘वी’मध्ये विरून जातो आणि दोन्हींसाठी ‘वी हॅव’ पुरते. ‘एव्हरीवन’, ‘नोबडी’, ‘ईच’ यांसारखी सर्वनामे मात्र फसवी आहेत. ‘सर्वांकडे पुस्तके आहेत’ या मराठी वाक्यातील ‘सर्व’ अनेकवचनी असल्यामुळे ‘एव्हरीवन हॅव’ असे लिहिले जाते, परंतु इंग्रजी ‘एव्हरीवन’ एकेकाला वेगळे मोजत जाते आणि म्हणून ‘हॅज’ घेते. संबंधी सर्वनाम ‘हू’ स्वतःचे वचन बाळगत नाही, ते ज्याच्याकडे निर्देश करते त्याचे वचन घेते, त्यामुळे ‘द गर्ल हू हॅज’ आणि ‘द गर्ल्स हू हॅव’ ही दोन्ही रूपे आपापल्या जागी बरोबर असतात.

नामांचे क्षेत्र अधिक गुंतागुंतीचे आहे. एकवचनी नामाला ‘हॅज’ आणि अनेकवचनी नामाला ‘हॅव’ हा नियम सरळ असला, तरी नामाचे वचन कोणते हे दर वेळी रूपावरून कळत नाही. ‘न्यूज’ आणि ‘मॅथमॅटिक्स’ ही नामे दिसायला अनेकवचनी असूनही ‘हॅज’ घेतात. ‘पोलीस’, ‘पीपल’ आणि ‘कॅटल’ दिसायला एकवचनी असूनही ‘हॅव’ घेतात. आणि कात्री किंवा विजार यांसारख्या दोन पात्यांच्या वा दोन पायांच्या वस्तूंची इंग्रजी नावे एकाच वस्तूसाठीही ‘हॅव’च मागतात. ‘टीम’, ‘कमिटी’, ‘फॅमिली’ अशा समूहवाचक नामांबरोबर ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही रूपे चालतात, त्यात समूह एकसंध मानला की ‘हॅज’ आणि त्यातील माणसे डोळ्यांपुढे असली की ‘हॅव’ असा कल असतो. अमेरिकन इंग्रजीत बहुधा ‘हॅज’ वापरले जाते. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरे नाम शिरले की आणखी एक सापळा तयार होतो. ‘वन ऑफ द बॉइज’ या पदसमूहात क्रियापदाच्या अगदी शेजारी ‘बॉइज’ उभे असते, तरी मालक ‘वन’ असल्यामुळे ‘हॅज’ येते. ‘द नंबर ऑफ’ने सुरू होणारा कर्ता ‘हॅज’ घेतो, तर ‘अ नंबर ऑफ’ने सुरू होणारा कर्ता ‘पुष्कळ’ या अर्थाचा असल्यामुळे ‘हॅव’ घेतो.

मराठीभाषकासाठी नामांच्या प्रांतातील सर्वांत खोल खड्डा आदरार्थी अनेकवचनाचा आहे. मराठीत ‘सर आले आहेत’, ‘वडील घरी आहेत’ असे एकाच व्यक्तीविषयी अनेकवचनाने बोलणे हा शिष्टाचाराचा भाग असून, त्यात चूक झाली तर ती उद्धटपणात जमा होते. या संस्कारात वाढलेला विद्यार्थी ‘सर हॅव कम’ असे म्हणतो, तेव्हा तो व्याकरण विसरलेला नसतो, त्याने सरांचा मान राखलेला असतो. ‘माझ्या वडिलांना दोन भाऊ आहेत’ हे वाक्य या दृष्टीने निरखून पाहण्यासारखे आहे. त्याचे ‘माय फादर हॅव टू ब्रदर्स’ असे चुकीचे रूपांतर वर्गावर्गांत आढळते, आणि त्या एका ‘हॅव’मागे दोन वेगवेगळ्या प्रेरणा एकाच दिशेने काम करीत असतात : वस्तू, म्हणजे भाऊ, दोन असल्यामुळे मराठी क्रियापद ‘आहेत’ झालेले आहे, आणि मालक, म्हणजे वडील, आदरामुळे मनात अनेकवचनीच वावरत आहेत. वस्तू एक असती तर पहिली प्रेरणा नाहीशी झाली असती, आणि मालक धाकटा भाऊ असता तर दुसरी; येथे मात्र दोन्ही असल्यामुळे योग्य असलेले ‘हॅज’ शिकणाऱ्याच्या कानाला खटकते. केवळ लाल शाईने ‘हॅज’ लिहून दिल्याने ही चूक जात नाही, कारण तिच्या मुळाशी असलेले दोन्ही धागे तसेच राहतात.

‘हॅव’च्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे वस्तूच्या जागी, कोणते नाम किंवा सर्वनाम येते याचाही अर्थावर परिणाम होतो. ‘आय हॅव अ बुक’ या वाक्यात अनिश्चित उपपद आहे आणि ते ‘माझ्याकडे एक पुस्तक आहे’ अशी नवी माहिती देते. ‘आय हॅव द बुक’ या वाक्यात पुस्तक कोणते ते ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते आणि ते सध्या कोणापाशी आहे एवढेच सांगायचे असते. मराठी हा फरक शब्दक्रमाने दाखवते आणि दुसऱ्या वाक्यासाठी ‘ते पुस्तक माझ्याकडे आहे’ असे म्हणून वस्तूला पुढे आणते. वस्तूच्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ ही सर्वनामे आली की अर्थ बहुधा याच दुसऱ्या प्रकारचा होतो, म्हणून ‘आय हॅव इट’ याचे मराठी ‘ते माझ्याकडे आहे’ असेच होईल, ‘मला ते आहे’ असे कधीही होणार नाही. आप्तवाचक नामे या बदलाला जुमानत नाहीत; भाऊ असल्याचे सांगताना ‘आय हॅव अ ब्रदर’ असे अनिश्चित रूप येते, आणि त्या जागी ‘द ब्रदर’ किंवा ‘हिम’ बसवले की नात्याचा अर्थच लोपतो. मराठीने ‘ला’ आणि ‘कडे’ यांत विभागलेला भेद इंग्रजीत अशा रीतीने उपपदांच्या आणि सर्वनामांच्या आडून डोकावतो, आणि या दोन भाषा वाटतात तितक्या परक्या नाहीत हे ध्यानात येते.

वस्तूच्या जागी क्रियावाचक नाम आले की ‘हॅव’ मालकीचा अर्थ सोडून त्या नामाची क्रिया सांगू लागते. इंग्रजीत स्नान, जेवण, चहा, डुलकी, गप्पा आणि भांडण या सर्वांबरोबर ‘हॅव’ चालते, तर मराठीत प्रत्येक नामाने आपले क्रियापद स्वतंत्रपणे निवडलेले असते : अंघोळ करणे, चहा घेणे, डुलकी काढणे, गप्पा मारणे. हा भेद ध्यानात आला की भारतीय इंग्रजीतील एका वादग्रस्त प्रयोगाचेही स्पष्टीकरण मिळते. ‘शी इज हॅविंग लंच’ हे वाक्य शुद्ध आहे, कारण तेथे चालू असलेली क्रिया आहे. ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ हे प्रमाण इंग्रजीत चुकीचे मानले जाते, कारण भाऊ असणे ही स्थिती आहे आणि स्थितिवाचक ‘हॅव’ चालू काळाचे रूप घेत नाही. हे स्थितिवाचक ‘हॅव’ कर्मणी प्रयोगही स्वीकारत नाही. घर बांधले जाते, विकले जाते, पण इंग्रजीत ते माझ्याकडून ‘हॅव’ केले जात नाही. वस्तू कर्माच्या जागी असूनही तिच्यावर कोणतीच क्रिया घडत नाही, हे या क्रियापदाचे वैशिष्ट्य येथे उघड होते.

सहायक क्रियापद म्हणून ‘हॅव’ पूर्ण काळ घडवते, आणि तेथे मराठीशी होणारी तुलना विशेष उद्बोधक ठरते. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याकडे पत्र लिहिलेल्या अवस्थेत आहे’ अशा अर्थाची रचना होती, तिच्यातील ‘लिहिलेले’ हे धातुसाधित विशेषण पत्राशी जुळत असे, आणि हळूहळू ते विशेषण क्रियापदाला चिकटून ‘मी पत्र लिहिले आहे’ हा आजचा अर्थ तयार झाला. गतिवाचक क्रियापदांबरोबर त्या काळी ‘हॅव’ ऐवजी ‘असणे’ या अर्थाचे ‘बी’ येत असे, आणि आजही ‘ही इज गॉन’ या प्रयोगात त्याची खूण शिल्लक आहे. मराठीने पूर्ण काळासाठी सर्वत्र ‘असणे’च वापरले आणि सकर्मक क्रियापदांच्या बाबतीत कर्माशी जुळण्याची पद्धत सोडली नाही : ‘तिने पत्र लिहिले आहे’, ‘तिने चिठ्ठी लिहिली आहे’, ‘तिने पत्रे लिहिली आहेत’. यालाच शाळेत कर्मणी प्रयोग म्हणून शिकवले जाते. ‘मी’ आणि ‘तू’ या सर्वनामांना येथे ‘ने’ प्रत्यय लागत नाही, ‘त्याने’, ‘मुलीने’ यांत तो दिसतो, एवढा पुरुषभेद मराठीनेही जपला आहे. परिणामी ‘मुलींनी गाणे म्हटले आहे’ हे वाक्य इंग्रजीत नेताना ‘आहे’ हे एकवचन शिकणाऱ्याला ‘हॅज’कडे ओढते आणि ‘द गर्ल्स हॅज संग’ अशी चूक घडते. गाणे एक असले तरी म्हणणाऱ्या मुली अनेक आहेत, आणि इंग्रजी क्रियापदाला मुलीच दिसतात.

‘हॅव टू’ या सक्तिवाचक रचनेत हेच दृश्य तिसऱ्या रूपात दिसते. ‘मला जावे लागते’, ‘तिला जावे लागते’, ‘मुलांना जावे लागते’ या वाक्यांत क्रियापद कोणाशीच जुळत नाही, ते आपल्या नपुंसकलिंगी एकवचनी रूपात तटस्थ राहते. इंग्रजी मात्र येथेही मालकाकडे पाहून ‘शी हॅज टू’ आणि ‘दे हॅव टू’ असा भेद करते. प्रश्नार्थक आणि नकारार्थी वाक्यांत ‘डू’ मदतीला आले की पुरुष-वचनाची खूण त्याच्याकडे जाते आणि ‘हॅव’ मोकळे होते, म्हणून ‘डज शी हॅव’ हे बरोबर आणि ‘डज शी हॅज’ हे चूक. एका वाक्यात ही खूण एकदाच उमटते, एवढे लक्षात ठेवले तरी हा गोंधळ मिटतो. दुसऱ्याकडून काम करवून घेण्याचा अर्थ, सर्वनामांना जोडून होणारी ‘आय्’व्ह’, ‘दे’व्ह’ यांसारखी संक्षिप्त रूपे, आणि ‘हीज’ या एकाच उच्चारात दडलेले ‘ही इज’ व ‘ही हॅज’ हे दोन अर्थ, यांचा परामर्श पुढे यथास्थळी घेतला आहे.

मराठी आणि इंग्रजी यांची ही भेट नवी नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेले थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज होते, आणि ‘हॅव’ असलेली मातृभाषा घेऊन आलेल्या या धर्मोपदेशकाने ‘असणे’वर उभ्या असलेल्या मराठीत १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ सिद्ध केले. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये सेरामपूर येथून निघाले, दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या परिश्रमातून इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये तयार झाला, आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आले. महाराष्ट्रात २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवण्यास आरंभ झाला, आणि तेव्हापासून ‘मला’ आणि ‘आय हॅव’ यांची गाठ सहाव्या-सातव्या वर्षीच पडू लागली. ज्या वयात मूल मराठीच्या प्रत्ययांवर नुकतेच प्रभुत्व मिळवत असते, त्याच वयात त्याला दुसरी नजर शिकायची असते, आणि ही नजर शिकवणाऱ्याला दोन्हीकडची वाट माहीत असणे अगत्याचे होते.

या कारणास्तव पुस्तकाची मांडणी मराठी वाक्यांपासून सुरू होते. पहिल्या भागात ‘ला’, ‘कडे’, ‘जवळ’ आणि ‘चा’ यांच्या वाक्यांना इंग्रजीत कोणती रूपे मिळतात ते पाहिले आहे. दुसऱ्या भागात मालकाच्या जागी येणारी सर्वनामे आणि नामे, तिसऱ्या भागात वस्तूच्या जागी येणारी नामे आणि सर्वनामे, आणि चौथ्या भागात सहायक क्रियापद म्हणून होणारे उपयोग घेतले आहेत. प्रत्येक ठिकाणी शुद्ध रूपाबरोबर नेहमी होणारी चूकही दिली असून, ती चूक मराठीच्या कोणत्या नियमातून आली ते सांगितल्याशिवाय पुढे जायचे नाही असे धोरण राखले आहे.

‘माय फादर हॅव टू ब्रदर्स’ असे लिहिणारे मूल आपल्या भाषेचे दोन नियम चोख पाळत असते. त्याने भावांची संख्या नीट मोजलेली असते आणि वडिलांना मानही दिलेला असतो. त्याला ‘हॅज’ शिकवताना हे दोन्ही नियम मराठीत किती योग्य आहेत हे आधी सांगितले, आणि मग इंग्रजी क्रियापद वडिलांकडे एक व्यक्ती म्हणून पाहते हे दाखवले, तर त्या मुलाला एका शब्दाबरोबर दोन भाषांचे स्वभाव कळतात, आणि स्वतःची भाषा अपुरी आहे अशी शंका त्याच्या मनात उरत नाही. शिक्षक, भाषांतरकार आणि जिज्ञासू वाचक यांच्या हाती हे पुस्तक सोपवताना एवढीच अपेक्षा आहे की पुढच्या वेळी असे वाक्य समोर आले, तर ते खोडण्यापूर्वी त्यामागचे मराठी वाक्य एकदा पूर्ण वाचले जावे.